चेनसॉचा दात आणि आपल्याकडचं लाकूड: कुठल्या झाडाला कुठली चेन आणि धार कशी

चेनसॉ घेताना सगळे सीसी विचारतात, बार (ज्याच्याभोवती चेन फिरते ती लांब पट्टी) किती इंची ते विचारतात, आणि चेन मात्र दुकानदार देईल ती घेऊन घरी येतात. लाकडाला लागतो तो दात, इंजिन नुसतं त्याला फिरवतं. ५८ सीसीचं मशीन बोथट चेनवर धूर काढत बसतं आणि ३५ सीसीचं छोटं मशीन नीट धारेवर बाभळीच्या फांद्या साफ करून मोकळं होतं, हे ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला तेवढंच हवंय तो इथूनच दुकानात जाईल. महाराष्ट्रातल्या बहुतेक कामाला सेमी चिझल, म्हणजे गोलसर कोपऱ्याच्या दाताची चेन घ्या. टोकदार कोपऱ्याची फुल चिझल जास्त वेगाने कापते हे खरंय, पण बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून ती मागवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी, ते लोक स्वच्छ, ताजं, सरळ वाढलेलं पाइन किंवा फर कापत असतात. आपल्याकडे साग, बाभूळ, चिंच, माड, त्यावर वाळवीची माती, पावसात उडालेला चिखल, आणि रस्त्याकडेचं झाड असेल तर त्यात क्लासेसच्या बोर्डाचे खिळे. तिथे वेगाला काय करायचंय, दिवसभर टिकणारी धार पाहिजे.

दात कापतो कसा ते आधी

चेनवर एक दात डावा, एक उजवा असे आळीपाळीने असतात. प्रत्येक दाताचे दोन भाग, मागे कापणारं पातं आणि त्याच्या पुढे एक छोटा उंचवटा, त्याला डेप्थ गेज म्हणतात, बरेच मेकॅनिक रेकर म्हणतात. पात्याला वरची पट्टी असते, बाजूची उभी पट्टी असते, आणि दोन्ही जिथे मिळतात तो कोपरा. आडवा काप घेताना हा कोपरा आधी लाकडाचे तंतू तोडतो, मग वरच्या पट्टीची धार खालून ढलपी उचलून काढते, आणि ती ढलपी दातापुढच्या खोबणीत बसून बाहेर फेकली जाते. सुताराचा रंधा ज्याने चालवलाय त्याला हे लगेच कळेल, रंध्याचं पातं तळातून जितकं बाहेर तितकी जाड साल निघते, इथे ते काम डेप्थ गेज करतो. तो दातापेक्षा जितका खाली, तितका दात लाकडात खोल जातो. धार कितीही चांगली लावा, डेप्थ गेज उंच राहिला तर दात लाकडावरून नुसता घसरत जाणार.

असा वाकडा, रंधल्यासारखा दात फार जुना नाही बरं का. त्याआधीच्या चेनचे दात हाताच्या करवतीसारखे सरळ असायचे, ते लाकूड खरवडत जायचे, भुसा भरपूर आणि धार लावताना जीव जायचा. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात जो कॉक्स नावाचा माणूस लाकूडतोडीच्या कामात होता, त्याने १९४६ मध्ये एका ओंडक्यात भुंगेऱ्याची अळी बघितली, ती तंतूंना आडवं, उभं, कसंही पोखरत होती आणि तिचे जबडे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे चालत होते. त्यावरून त्याने डाव्या उजव्या वाकड्या दातांची चेन केली आणि १९४७ मध्ये पोर्टलंडला घराच्या तळघरातून कंपनी चालू केली, तीच आजची ओरेगॉन. आज कुठल्याही कंपनीची चेन हातात घ्या, मूळ कल्पना तीच आहे.

फुल चिझल, सेमी चिझल आणि बाकीचे

दात समोरून बघा. कोपरा चौकोनी, टोकदार असेल तर ती फुल चिझल. तो टोकदार कोपरा तंतू एका फटक्यात तोडतो म्हणून वेग जास्त. पण सगळा मार त्या एका टोकावर, आणि ते टोक गेलं की दाताचं काम संपलं, बाकीची धार शाबूत असली तरी चेन कापत नाही. मातीला एक स्पर्श पुरतो.

सेमी चिझलचा कोपरा गोलसर असतो. मार थोड्या रुंद भागावर वाटला जातो, त्यामुळे स्वच्छ मऊ लाकडात ती थोडी हळू, पण कडक, वाळक्या, मळक्या लाकडात धार जास्त वेळ टिकते, आणि महत्त्वाचं म्हणजे अर्धी बोथट झाल्यावरही काम चालू ठेवते. हाताने धार लावायला पण सोपी, कारण गोल कोपऱ्यात थोडं इकडे तिकडे झालं तरी खपून जातं.

लहान मशीनवर ३/८ लो प्रोफाइल नावाची चेन येते (३/८ हा इंचातला पिच, म्हणजे चेनच्या दुव्यांमधलं अंतर), दात बुटके, काप अरुंद, ताकद कमी लागते. फांद्या छाटायला, आंब्याच्या बागेत छाटणीला हीच बरी. हिच्यात बऱ्याचदा डेप्थ गेजच्या शेजारी एक जादा उंचवटा किंवा उतार दिलेला असतो, तो बारचं टोक लाकडाला लागून मशीन अंगावर उसळू नये म्हणून असतो. काही जण वेग वाढवायला तो कानशीने घासून टाकतात. कृपा करून असलं काही करू नका. बारच्या टोकाच्या वरच्या अर्ध्या भागाने लाकूड पकडलं की बार उलटा तोंडाकडे येतो, आणि तो येतो तेव्हा हात हलवायला वेळ नसतो.

दात एकाआड एक गाळलेली स्किप चेन असते, ती लांब बारसाठी. २४ इंचाच्या पुढे बार लाकडात पूर्ण बुडाला की ढलप्या बाहेर पडायला जागा राहत नाही, इंजिन दबतं, अशा वेळी दात कमी असलेले बरे. आपल्या १८ इंची बारला हिची काही गरज नाही. कार्बाइड, म्हणजे स्टीलपेक्षा कितीतरी कडक पदार्थ, लावलेल्या चेन पण मिळतात, माती खिळ्यात टिकतात पण महाग, आणि साध्या कानशीने धार लागत नाही, डायमंडचं चाक लागतं. ज्यांचं रोजचं काम पडकी, मळकी झाडं तोडायचं आहे त्यांनीच विचार करावा.

आता झाडाझाडाप्रमाणे

साग कडक म्हणावा इतका कडक नाही, बाभळीपेक्षा मऊच आहे, तरी चेन लवकर बोथट होते. कारण सागाच्या लाकडात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच प्रकार, ती धार घासून काढते. सागाला सेमी चिझल, धारेचा कोन जरा कमी, आणि जमेल तेव्हा ओला असतानाच कापून घ्या, वाळल्यावर अजून त्रास.

बाभूळ, खैर, चिंच, वाळका सुरू, ऐन ही खरी जड मंडळी. खैराच्या गाभ्यावर तर वाळल्यावर ठिणग्या उडतील की काय वाटतं. इथे फुल चिझल लावली तर पहिले चार ओंडके मस्त जातील आणि पाचव्याला मशीन रडायला लागेल. सेमी चिझल, डेप्थ गेज कंपनीने सांगितलाय तेवढाच, जास्त खाली घासायचा नाही, कारण कडक लाकडात दात खोल गेला की चेन अडकते, झटका बसतो, क्लच जळतो. चिंचेत आणखी एक भानगड, तंतू एकमेकात गुंतलेले असतात, ढलपी सरळ निघत नाही, तुकडे तुकडे निघतात, त्यामुळे घाई न करता मशीनच्या वजनाने जाऊ द्यायचं. बाभूळ शेताच्या बांधावरची असेल तर बुंध्यात कुंपणाची तार गिळलेली असण्याची शक्यता धरूनच चाला, सालीवर आडवी फुगलेली रेघ दिसली की तिथून वर नाहीतर खाली कापा.

आंबा मध्यम आहे, कापायला चांगला, ताज्या स्वच्छ आंब्याला फुल चिझल लावली तर मजा येते हे मान्य. पण म्हातारा आंबा आतून पोकळ असतो, पोकळीत वाळवीने भरलेली माती, आणि बाहेरून काही कळत नाही. भुसा पांढरट पिवळा येता येता एकदम काळा तपकिरी यायला लागला की बार बाहेर काढा. फणस, वड, पिंपळ यांचा चीक चेनला आणि बारच्या खाचेला चिकटतो, त्यावर भुसा बसतो आणि तेल दातापर्यंत पोचत नाही. दाताच्या आकाराने यात काही फरक पडत नाही, काम झाल्यावर चेन काढून रॉकेल किंवा डिझेलमध्ये ब्रशने धुवा, पुसा, परत तेल लावा.

निलगिरी ओली असताना बऱ्यापैकी सरळ जाते, वाळली की दगड. तिच्यात आतला ताण फार, कापता कापता ओंडका फाटतो किंवा बार चिमटीत धरतो, त्यामुळे प्लास्टिकची पाचर खिशात ठेवा, लोखंडी नको, दात लागला तर चेन गेली. सुबाभूळ, सिल्व्हर ओक यांना फार विचार करायची गरज नाही, धारदार असेल ती कुठलीही चेन चालते.

पांगारा, काटेसावर, शेवगा ही एकदम मऊ झाडं. इथे प्रश्न उलटा, कापायला जोर लागत नाही पण ओले धागे निघतात आणि स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) झाकणात गोळा होतात. अशा लाकडाला फुल चिझल चांगली, आणि डेप्थ गेज नेहमी दातापेक्षा ०.०२५ इंच खाली ठेवत असाल तर ०.०३० पर्यंत नेला तरी चालतो, ढलपी जाड निघते, धागे कमी होतात.

माडावर वेगळं लिहिलं पाहिजे. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ श्रीवर्धन, दिवेआगरच्या पट्ट्यात येऊन गेलं, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते, तेव्हा कोकणात ज्याच्या त्याच्या हातात चेनसॉ आला आणि पडलेल्या माडा-पोफळींवर चेनची वाट लागली. माडाचं खोड बाकीच्या झाडांच्या उलट असतं, बाहेरची बाजू कडक आणि आत भुसभुशीत. कडक भागात जाड धागे दाटीने बसलेले असतात आणि ताडाच्या कुळातल्या झाडांमध्ये त्या धाग्यांलगत सिलिकाचे बारीक कण असतात, वरून समुद्राकाठची रेती सालीच्या खाचांत बसलेली. म्हणून माडाला सेमी चिझलच, कापायची जागा आधी कोयत्याने तासून घ्या नाहीतर पाण्याने धुवा, आणि दर थोड्या वेळाने मशीन बंद करून स्प्रॉकेटचं झाकण उघडून धागे काढा. जमिनीवर पडलेला माड पूर्ण आरपार वरूनच कापायला जाऊ नका, शेवटचा दाताचा फेरा वाळूत जातो आणि त्या एका सेकंदात आख्ख्या चेनची धार जाते. तीन चतुर्थांश कापा, ओंडका फिरवा, उरलेलं कापा.

बांबूला चेनसॉ लावू नका, हे माझं मत. पोकळ नळी, पातळ भिंत, दात अडकतो आणि फटके बसतात. बारीक दाताची हातकरवत जास्त छान काम करते.

पुण्यामुंबईत पावसाळ्यात पडणारे गुलमोहर आणि रेन ट्री लाकूड म्हणून सोपे आहेत, कठीण आहे ते त्यात ठोकलेलं लोखंड. माणसाच्या डोक्याच्या उंचीपर्यंतचा बुंधा संशयितच समजायचा. आणि उभं झाड असेल तर आधी नगरपालिकेची नाहीतर वनखात्याची परवानगी, ते काम चेनसॉच्या आधीचं.

धार लावताना

पहिलं, कानशीचा साइज. ३/८ लो प्रोफाइलला ४.० मिलीमीटर, ०.३२५ पिचला ४.८, मोठ्या ३/८ ला ५.२ किंवा ५.५, ०.४०४ ला ५.५. "एकच कानस सगळ्याला चालते" म्हणणाऱ्या माणसाकडे मशीन देऊ नका. कानस दाताच्या वरच्या पट्टीच्या वर साधारण कानशीच्याच जाडीच्या एक पंचमांश दिसली पाहिजे. खूप खाली गेली तर दाताला आकड्यासारखं वळण येतं, पहिल्यांदा झकास कापतं आणि लगेच बोथट होतं. खूप वर राहिली तर धार मागे झुकते आणि चावतच नाही. हातावर भरवसा नसेल तर फाइल गाइड घ्या, स्वस्त मिळतो, उंची आणि कोन दोन्ही सांभाळतो.

कोन म्हणजे वरच्या पट्टीची तिरकी धार. बऱ्याच चेनवर ३० अंशांची रेघ कोरलेली असते. मऊ लाकडाला ३० चांगला, खैर बाभळीसारख्या लाकडाला २५ वर आणा. कोन जितका जास्त तिरका तितकी धार पातळ आणि तीक्ष्ण, पण पातळ धार कडक लाकडात दुमडते. कमी कोनाची धार जाड, थोडी हळू पण टिकते. दुकानात डोळे झाकून ग्राइंडरवर धार मारून देतात, सगळ्यांना एकच कोन आणि वर दात निळा पडेपर्यंत तापवलेला. निळा पडला म्हणजे स्टीलचं टेम्पर, म्हणजे कडकपणा गेला, तो दात परत धार धरत नाही, त्यापेक्षा हाताने लावलेली वाकडीतिकडी धार बरी.

बार व्हाइसमध्ये पकडा, चेन जरा ताणा म्हणजे दात डुलणार नाही. सगळ्यात आखूड दात शोधून तिथून सुरुवात करा, बाकीचे त्याच्या मापाला आणायचे. कानस दाताच्या आतून बाहेर ढकलायची, परत येताना उचलायची, घासत ओढायची नाही. आतून बाहेर का, तर दाताच्या बाहेरच्या अंगाला कडक क्रोमचा पातळ थर असतो, खरी धार तोच धरतो, बाहेरून आत घासलं तर तो थर निघतो. खिळा लागलेल्या दाताचा हा थर कोपऱ्यावर उडालेला असतो, उडालेला भाग पूर्ण जाईपर्यंत घासावंच लागतं, अर्धवट घासून चमकला म्हणून धार आली असं नसतं. कोपऱ्यावर उजेड पाडून बघा, चमकणारी पांढरी रेघ दिसली तर तिथे अजून बोथट आहे. एका बाजूचे सगळे दात संपवा मग दुसरी बाजू. दोन्ही बाजूंना फटके सारखे द्या, आपला उजवा हात एका बाजूला नकळत जास्त जोर देतो आणि मग काप एका बाजूला वळत जातो, ज्या बाजूचे दात जास्त तीक्ष्ण तिकडे. लोक बार वाकलाय म्हणून नवीन बार आणतात.

आणि डेप्थ गेज. दर तीन चार धारांनंतर बघायचाच. दाताची वरची पट्टी मागे उतरती असते, त्यामुळे घासत घासत दात आखूड झाला की बुटकाही होतो, पण डेप्थ गेज आहे तिथेच राहतो. म्हणून जुनी चेन "धार लावून पण कापत नाही". डेप्थ गेजचं पत्र्याचं माप येतं, ते चेनवर ठेवायचं, फटीतून जेवढं वर दिसेल तेवढं चपट्या कानशीने घासायचं आणि पुढचा कोपरा परत गोल करायचा. ०.३२५ आणि ३/८ ला ०.०२५ इंच, म्हणजे ०.६५ मिलीमीटरच्या आसपास. ०.४०४ ला ०.८ मिलीमीटर. अंदाजाने घासू नका, जास्त खाली गेलेला डेप्थ गेज वर आणता येत नाही, आणि अशी चेन लाकडाला पकडून झटके देत राहते.

सगळं बरोबर झालंय का ते भुसा सांगतो. ओल्या लाकडात चौकोनी जाडसर ढलप्या पडल्या, मशीन स्वतः खाली ओढलं जातंय, म्हणजे उत्तम. पीठ पडतंय आणि तुम्ही जोर लावताय म्हणजे थांबा. फक्त खूप वाळक्या कडक लाकडात चांगल्या धारेलासुद्धा बारीक भुसा येतो, तिथे भुशापेक्षा जोर किती लागतोय त्यावर ओळखायचं.

फळ्या काढायच्या असतील तर

ओंडका उभा चिरून फळ्या काढायला चेनसॉ बसवायची फ्रेम मिळते, आरा मशीनपर्यंत ओंडका नेणं परवडत नाही तिथे कामाची आहे. पण आडव्या कापाची चेन इथे तितकी चालत नाही, कारण दात आता तंतूंच्या टोकांवर काम करतो, ओढ जास्त लागते आणि फळीवर रेघोट्या उठतात. उभं चिरायच्या खास चेनला रिपिंग चेन म्हणतात, तिचा कोन १० अंशांच्या आसपास असतो, जवळजवळ सरळ, काप गुळगुळीत येतो. ती मिळाली नाही तर एखादी जुनी सेमी चिझल चेन दोन तीन धारांमध्ये हळूहळू १० वर आणा. इंजिन मोठं हवं आणि तेल भरपूर, कारण बार पूर्ण वेळ लाकडातच असतो. जळकं इंजिन ऑइल चेनला घालतात बरेच जण, त्यात लोखंडाचे कण असतात आणि ते अंगावर उडतं, चेन ऑइलच घ्या.

दुकानात काय बघायचं

पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या, तिन्ही जुळले पाहिजेत. पिच मोजायला सलग तीन रिव्हेटपैकी पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या आणि निम्मं करा. गेज म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या ड्राइव्ह लिंकची जाडी, १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिलीमीटर. स्टिल (Stihl) कंपनीच्या चेनवर हे आकड्यात छापलेलं असतं, ड्राइव्ह लिंकवर ३ म्हणजे १.३, ५ म्हणजे १.५, ६ म्हणजे १.६, आणि डेप्थ गेजवर २ म्हणजे ०.३२५, ३ म्हणजे ३/८, ६ म्हणजे लहान ३/८. त्यांच्या नावात आरएस म्हणजे फुल चिझल, आरएम म्हणजे सेमी. लहान ३/८ आणि मोठी ३/८ एकमेकांच्या जागी बसवू नका, नाव सारखं असलं तरी स्प्रॉकेट वेगळा लागतो.

दोन चेन घ्या आणि आलटून पालटून वापरा, रानात बोथट झालेली घरी आणून निवांत धार लावता येते. नवीन चेन लावल्यावर पहिली काही मिनिटं हलक्या लाकडात चालवा आणि परत ताण बघा, ती सैल होतेच. काम संपल्यावर गरम चेन घट्ट ताणून ठेवू नका, गार होताना आखडते आणि क्रँकशाफ्टवर ओढ बसते. आणि चेन बदलली की बार उलटा करून लावा, खाचेच्या कडेला आलेली धारदार कोर चपट्या कानशीने काढून, म्हणजे तो एकाच बाजूने झिजत नाही.